ओळखीच्या माणसांच्या बातम्या: अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजच्या वृत्तपत्रात काम कसं करावं

अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (म्हणजे एका व्यवसायापुरतं नव्हे, तर कला-विज्ञानांचं सर्वांगीण पदवी-शिक्षण देणाऱ्या कॉलेजात) साधारण दीड-दोन हजार विद्यार्थी असतात आणि बहुतेकजण चारही वर्षं कॅम्पसवरच राहतात. वर्ग लहान, प्राध्यापक नावानं ओळखणारे, जेवायला एक-दोनच डायनिंग हॉल. पत्रकारितेचा स्वतंत्र विभाग अशा ठिकाणी बहुधा नसतो. जे शिकायचं ते विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात, आणि ती वृत्तपत्रं चांगली जुनी आहेत. केनियन कॉलेजियन १८५६ चं, अ‍ॅमहर्स्ट स्टुडंट १८६८ चं, बोडिन ओरिएंट १८७१ चं, ओबरलिन रिव्ह्यू १८७४ चं, ग्रिनेलचं स्कार्लेट अँड ब्लॅक १८९४ चं.

इथे बातमी कानावर येणं सोपं असतं. अवघड हे, की ज्याच्याबद्दल लिहिलं तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत तुमच्याच पुढे उभा असतो. मोठ्या विद्यापीठात बातमीदार आणि बातमीतला माणूस यांच्यात अंतर आयतं असतं. छोट्या कॉलेजात ते नियम घालून तयार करावं लागतं. पुढच्या बहुतेक सूचना त्या अंतरासाठीच आहेत. सुंदर कसं लिहावं ते इथे फारसं सापडणार नाही.

दाखल होण्याआधी जुने अंक वाचा

सत्राच्या सुरुवातीला अ‍ॅक्टिव्हिटीज फेअर भरतो. तिथे वृत्तपत्राच्या टेबलावर नाव नोंदवून या, मग ग्रंथालयाच्या अर्काइव्ह विभागात जा. गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा, आणि सहा-सात वर्षांपूर्वीचे याच महिन्यातले अंकही काढा. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातात, त्यामुळे कॅम्पसची आठवणही दर चार वर्षांनी कोरी होते. वसतिगृहांची टंचाई, समुपदेशन केंद्रातली प्रतीक्षायादी, जेवणाच्या प्लॅनचे दर हे सगळं ‘यंदा पहिल्यांदाच’ घडल्यासारखं वाटतं. जुन्या अंकात त्याच प्रश्नावर नेमलेली समिती, तिचा अहवाल आणि तेव्हाच्या डीननं दिलेलं आश्वासन सापडतं. ‘त्या आश्वासनाचं पुढे काय झालं?’ ही तुमची पहिली बातमी होऊ शकते. अर्काइव्हिस्टशी ओळख करून घ्या. कॅम्पसवर बातमीदाराला इतक्या आनंदानं मदत करणारा माणूस दुसरा नसतो.

पिच मीटिंगला, म्हणजे बातम्या ठरवण्याच्या बैठकीला, दोन कल्पना घेऊन जा, पण विषय नेऊ नका, प्रश्न न्या. ‘मानसिक आरोग्य’ हा विषय झाला. ‘समुपदेशन केंद्रात पहिली भेट मिळायला या ऑक्टोबरात किती दिवस लागतात आणि गेल्या ऑक्टोबरात किती लागत होते’ ही बातमी झाली. कोणाला विचारायचं हे त्या वाक्यातूनच कळतं.

सुरुवातीला कंटाळवाणं काम मागून घ्या. विद्यार्थी सिनेटच्या साप्ताहिक बैठकांना कोणीच जायला तयार नसतं. तिथे सलग महिनाभर बसलात की अ‍ॅक्टिव्हिटी फीचे (विद्यार्थ्यांकडून उपक्रमांसाठी घेतलेल्या शुल्काचे) पैसे कोणत्या क्लबला का मिळतात, कोण कोणाला अडवतो, कोणता ठराव नुसता शोभेचा आहे, हे आपोआप कळू लागतं.

आठवड्याचं चक्र

बहुतेक छोटी वृत्तपत्रं साप्ताहिक असतात. अंक शुक्रवारी निघत असेल तर रविवारी पिच मीटिंग, सोमवार-मंगळवार मुलाखती, बुधवारी रात्री पहिला मसुदा आणि गुरुवारी प्रॉडक्शन नाइट. त्या रात्री पानं लागतात, मथळे जुळवले जातात, छायाचित्रांच्या ओळी लिहिल्या जातात. वेबसाइट असली तरी हे चक्र मोडू नका. छापील अंकाची डेडलाइन नसली की मजकूर ‘जवळपास झालाय’ या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहतो.

रविवारी ठरलेल्या प्रत्येक बातमीपुढे लगेच तीन गोष्टी लिहा: कोणाशी बोलायचं, कोणता कागद पाहायचा, आणि ज्याच्यावर टीका होणार आहे त्याला कधी विचारायचं. ही तिसरी गोष्ट गुरुवारी संध्याकाळी आठवते, आणि मग बातमीत ‘प्रतिक्रियेसाठी संपर्क होऊ शकला नाही’ असं लिहून वेळ मारून नेली जाते. ते वाक्य छापायचं असेल तर संपर्काचे खरे प्रयत्न झालेले हवेत. किमान दोन कामाचे दिवस द्या, निरोपात डेडलाइनचा वार आणि वेळ लिहा, आणि ईमेलला उत्तर नाही आलं तर ऑफिसात जाऊन उभे राहा. छोट्या कॉलेजचा हा फायदा आहे: डीनचं ऑफिस पाच मिनिटांवर असतं.

कागद: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

खाजगी कॉलेजांना माहितीच्या अधिकाराचे कायदे सहसा लागू नसतात. ‘आम्ही खाजगी संस्था आहोत’ हे उत्तर तुम्हाला वारंवार ऐकायला मिळेल आणि बरेच विद्यार्थी तिथेच हात टेकतात. पण खाजगी कॉलेजलाही बरेच कागद कायद्यानं उघडे ठेवावे लागतात.

पहिला म्हणजे सुरक्षा विभागाचा दैनंदिन गुन्हे-नोंदणीचा लॉग. १९८६ मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या पालकांनी केलेल्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये कायदा झाला, तो आता क्लेरी अ‍ॅक्ट म्हणून ओळखला जातो. केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला तो लागू आहे, आणि जवळजवळ सगळीच कॉलेजं ती मदत घेतात. कॅम्पसवर सुरक्षा विभाग असेल तर त्याला लॉग ठेवावाच लागतो: गुन्ह्याचं स्वरूप, तारीख, वेळ, साधारण ठिकाण, पुढे काय झालं. नोंद दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवी. शेवटच्या ६० दिवसांचा लॉग ऑफिसच्या वेळेत मागेल त्याला दाखवावा लागतो, त्याआधीचा दोन कामाच्या दिवसांत. कारण सांगायची गरज नाही, विद्यार्थी असण्याचीही नाही.

दर सोमवारी कोणीतरी जाऊन लॉगचे फोटो काढावेत आणि ते स्प्रेडशीटमध्ये भरावेत. एका आठवड्याच्या नोंदींत फारसं काही दिसत नाही, सत्रभराच्या नोंदींत दिसतं: एकाच वसतिगृहातल्या चोऱ्या, महिनोन्‌महिने ‘तपास सुरू’ राहिलेली प्रकरणं. कॉलेजला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत तीन वर्षांच्या आकडेवारीचा वार्षिक सुरक्षा अहवालही प्रसिद्ध करावा लागतो. तो आला की तुमच्या स्प्रेडशीटशी ताडून पाहा. इथे एक खबरदारी घ्या. अहवालात फक्त कायद्यानं ठरवलेल्या हद्दीतले गुन्हे मोजले जातात. गावात भाड्यानं घेतलेल्या घरातल्या पार्टीत घडलेली घटना त्यात येतेच असं नाही. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींचा आकडा वाढला म्हणून कॅम्पस जास्त धोकादायक झाला असंही म्हणता येत नाही. कदाचित लोक तक्रार करायला धजावू लागले असतील. ‘शून्य’ छापणाऱ्या कॉलेजला मी उलट जास्त प्रश्न विचारेन.

दुसरा कागद फॉर्म ९९०. ना-नफा संस्था म्हणून कॉलेजला तो कर खात्याकडे दरवर्षी भरावा लागतो आणि मागणाऱ्याला गेल्या तीन वर्षांचे फॉर्म दाखवावे लागतात. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या संकेतस्थळावर ते फुकट मिळतात. धार्मिक संस्थांशी निगडित काही कॉलेजांना सूट असते. भाग ७ मध्ये अधिकाऱ्यांचे आणि सर्वाधिक पगारवाल्यांचे आकडे असतात, तसेच एक लाख डॉलर्सहून जास्त पैसे मिळालेले सर्वांत मोठे पाच कंत्राटदार. जेवणाचं कंत्राट कोणाकडे आहे आणि त्याला किती पैसे जातात हे बहुधा इथेच पहिल्यांदा कळतं. परिशिष्ट डी मध्ये एंडाउमेंटची, म्हणजे कॉलेजच्या गुंतवून ठेवलेल्या कायम निधीची, वर्षारंभीची आणि वर्षअखेरची रक्कम असते. परिशिष्ट एल मध्ये विश्वस्त किंवा त्यांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार असतात, आणि ते पान कोणी उघडत नाही, म्हणून तुम्ही उघडा.

प्रेसिडेंटच्या पगाराची बातमी करण्याआधी परिशिष्ट जे वाचा. एखाद्या वर्षी आकडा अचानक दुप्पट दिसतो, कारण आधीच्या वर्षांत बाजूला ठेवलेली रक्कम त्या वर्षी हातात पडलेली असते. मूळ पगार, बोनस, बाजूला ठेवलेली रक्कम, घरासारख्या सवलती असे रकाने तिथे वेगवेगळे असतात. ते न पाहता ‘पगार दुप्पट’ असा मथळा दिलात तर कम्युनिकेशन्स ऑफिसला तुमची बातमी खोडून काढायला दहा मिनिटंही लागणार नाहीत. शिवाय हा फॉर्म उशिरा येतो. कॉलेजचं आर्थिक वर्ष बहुधा ३० जूनला संपतं आणि मुदतवाढ घेतली तर फॉर्म पुढच्या मे महिन्यात भरला जातो. आकडा कोणत्या वर्षाचा ते बातमीच्या पहिल्या दोन परिच्छेदांतच सांगा.

एंडाउमेंटबद्दल कॅम्पसवर कायम एकच वाद ऐकू येतो: ‘इतके पैसे आहेत, मग आम्हाला का नाहीत?’ त्यातला मोठा हिस्सा देणगीदारांनी ठरावीक कामासाठी बांधून दिलेला असतो. म्हणून नुसती रक्कम छापू नका. बंधनमुक्त भाग किती आणि दरवर्षी किती टक्के खर्च होतो ते विचारा. यात कायद्याचीही एक बातमी दडलेली आहे. २०१७ च्या कायद्यानं किमान ५०० विद्यार्थी आणि विद्यार्थ्यामागे किमान पाच लाख डॉलर्स मालमत्ता असलेल्या खाजगी कॉलेजांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसला. २०२५ च्या कायद्यानं कराचे दर ८ टक्क्यांपर्यंत चढवले, पण विद्यार्थिसंख्येची अट ३,००० वर नेली. त्यामुळे छोटी पण गर्भश्रीमंत कॉलेजं त्यातून बाहेर पडली. तुमचं कॉलेज आधी हा कर भरत असेल, तर वाचलेले पैसे कुठे जाणार हा प्रश्न विचारायलाच हवा.

श्रीमंत नसलेल्या कॉलेजात मात्र प्रश्न अस्तित्वाचाच असतो. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायरनं मार्च २०१५ मध्ये बंद होण्याची घोषणा केली होती. माजी विद्यार्थिनी कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये तडजोड होऊन कॉलेज वाचलं. न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्स कॉलेजनं एप्रिल २०२४ च्या अखेरीस सांगितलं की हे सत्र शेवटचं, आणि ते खरंच बंद झालं. अशा कॉलेजात शिकत असाल तर रोख्यांची कागदपत्रं वाचायला शिका. इमारतींसाठी कॉलेजं करमुक्त रोख्यांतून कर्ज काढतात, आणि गुंतवणूकदारांना द्यायची माहिती ‘एमा’ या सार्वजनिक संकेतस्थळावर टाकावी लागते. प्रवेशसंख्या, फीमध्ये दिलेल्या सवलतीचा दर, कर्जाच्या अटी हे सगळं तिथे असतं. विद्यार्थ्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये प्रशासन ‘आव्हानात्मक काळ’ म्हणत असतं, तर गुंतवणूकदारांपुढे त्याला आकडे मांडावे लागतात.

बाकीचे थोडक्यात. क्रीडाविभागाचा खर्च इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स कायद्याखाली दरवर्षी जाहीर होतो. यातली बहुतेक कॉलेजं महाविद्यालयीन खेळांच्या डिव्हिजन ३ या गटात आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणून प्रवेशात खेळाडूंना मिळणारं झुकतं माप हा तिथला खरा विषय. प्रवेश, आर्थिक मदत आणि वर्गांचे आकार कॉमन डेटा सेट या कॉलेजनंच प्रसिद्ध केलेल्या ठरावीक नमुन्याच्या तक्त्यात असतात. विद्यार्थी-कामगारांची संघटना असेल तर राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडची प्रकरणं सार्वजनिक असतात. ग्रिनेलच्या डायनिंग हॉलमधल्या विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये संघटना उभी केल्यापासून हा विषय छोट्या कॉलेजांतही आला आहे. गावचे पोलीस, नगरपरिषद आणि न्यायालयं सरकारीच आहेत, त्यांच्याकडे रीतसर अर्ज करता येतो. ओहायोत तर २०१५ मध्ये ऑटरबाइन विद्यापीठातल्या एका विद्यार्थी-पत्रकाराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला की खाजगी विद्यापीठाच्या पोलीस विभागालाही आपल्या नोंदी उघड कराव्या लागतील.

‘फेर्पामुळे सांगता येत नाही’ हे आणखी एक ठरलेलं उत्तर. १९७४ चा हा कायदा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी उघड करू नका असं कॉलेजला सांगतो. तो वृत्तपत्राला लागू नाही, आणि सुरक्षा विभागानं कायदा-सुव्यवस्थेसाठी ठेवलेल्या नोंदी त्यात येत नाहीत. नावं वगळलेल्या एकत्रित आकड्यांनाही तो आड येत नाही. शांतपणे विचारा: नेमक्या कोणत्या नोंदीला आणि का?

मुलाखत घेताना

सुरुवातीलाच सांगा की तुम्ही वृत्तपत्रासाठी बोलत आहात. हे सांगायला हवं का, असं वाटेल. पण इथे समोरचा माणूस तुमच्याच केमिस्ट्री लॅबमध्ये असतो आणि त्याला त्या नुसत्या गप्पा वाटतात. वही काढा, ती टेबलावर दिसेल अशी ठेवा. ‘ऑफ द रेकॉर्ड’ (म्हणजे हे छापायचं नाही) हे बोलण्याआधी दोघांनी मान्य करायचं असतं. कसलेल्या अधिकाऱ्यानं बोलून झाल्यावर ते म्हटलं तर तुम्ही बांधील नाही. पहिल्याच वर्षाच्या, कधी मुलाखत न दिलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र मी नरम राहीन.

रेकॉर्डिंगचा कायदा राज्यागणिक बदलतो. केंद्रीय कायद्यात आणि बहुतेक राज्यांत संभाषणातल्या एकाची संमती पुरते, आणि तो एक तुम्ही असू शकता. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, वॉशिंग्टन या राज्यांत खाजगी संभाषणासाठी सगळ्यांची संमती लागते. म्हणजे पोमोना, स्वार्थमोर आणि अ‍ॅमहर्स्ट तिन्ही कडक राज्यांत आहेत. सोपा नियम ठेवा: सगळीकडे विचारूनच रेकॉर्ड करा, आणि ‘हो’ हे उत्तरही रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या.

प्रशासनाला प्रश्न ईमेलवर हवे असतात. आकड्यांसाठी ते ठीक आहे. पण लेखी उत्तर तीन जणांनी घासूनपुसून दिलेलं असतं, म्हणून बातमीत ‘ईमेलद्वारे कळवलं’ असं स्पष्ट लिहा. छापण्याआधी मजकूर दाखवा अशी मागणी झाली तर नकार द्या. तांत्रिक तपशील आणि स्वतःचं विधान बरोबर उतरलंय का, एवढं फोनवर वाचून दाखवायला हरकत नाही.

हितसंबंध आणि निनावी सूत्रं

दोन हजारांच्या वस्तीत हितसंबंध नसलेला बातमीदार शोधू गेलात तर अंक निघणारच नाही. त्यामुळे हितसंबंध लपवू नका, लिहून ठेवा. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकानं एक पान भरून संपादकाकडे द्यावं: कोणत्या क्लबात आहे, कोणत्या टीममध्ये, कॅम्पसवरची नोकरी कोणती, कोणत्या प्राध्यापकाकडे सध्या कोर्स आहे. मग ठरवायचं की अमुक विषयावर लिहायचं नाही, अमुकवर लिहिलं तर खाली टीप द्यायची. रूममेट, जोडीदार आणि जो प्राध्यापक तुम्हाला ग्रेड देणार आहे तो, या तिघांची मुलाखत स्वतः घेऊ नका. ही बंदी कडक हवी. बाकीच्यात तारतम्य.

नाव न छापण्याची विनंती आली तर तीन प्रश्न: नाव आल्यानं नेमकं काय नुकसान होईल, ही माहिती दुसऱ्या मार्गानं पक्की होते का, आणि नाव कोणाकोणाला कळणार? शेवटचं उत्तर आधीच ठरवून सूत्राला सांगा, सहसा बातमीदार आणि मुख्य संपादक एवढंच. मग वर्णन तपासा. मोठ्या विद्यापीठात ‘भौतिकशास्त्र शिकणारी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी’ यात माणूस लपतो. इथे त्या वर्णनाच्या मुली कदाचित दोनच असतील. ‘या घटनेशी परिचित एक विद्यार्थी’ हे पुचाट वाटतं, तरी बऱ्याचदा तेच बरोबर असतं. सूत्राची चॅट आणि टिपणं कॉलेजच्या ईमेल खात्यावर किंवा कॉलेजच्या ड्राइव्हवर ठेवू नका. ती यंत्रणा कॉलेजच्या मालकीची आहे.

लैंगिक छळाच्या प्रकरणात तक्रारदाराचं नाव तिच्या किंवा त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय नाही. आरोप असलेल्या विद्यार्थ्याचं नाव छापायचं की नाही, हा निर्णय एकट्या बातमीदारानं किंवा गुरुवारी मध्यरात्री कधीच घेऊ नये. बदनामीचा कायदा विद्यार्थी वृत्तपत्रालाही लागू आहे. १९६४ च्या न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन निकालानं सार्वजनिक व्यक्तींबाबत माध्यमांना मिळालेलं मोठं संरक्षण सर्वसाधारण विद्यार्थ्याबद्दल लिहिताना तुमच्या कामी येत नाही.

कॅम्पसवर मृत्यू झाला तर

ही बातमी प्रत्येक संपादकाच्या वाट्याला येत नाही, पण आलीच तर विचार करायला वेळ नसतो, म्हणून धोरण आधी लिहून ठेवा. कुटुंबाला कळल्याची खात्री होईपर्यंत नाव नाही, सोशल मीडियावर फिरत असलं तरीही. आत्महत्या असेल तर पद्धत आणि नेमकी जागा लिहू नये, मथळ्यात कारण जोडू नये, एकच एक कारण सुचवू नये. २०२२ पासून सुरू असलेला ९८८ हा मदतीचा क्रमांक द्यावा. पहिली बातमी चार ओळींची चालते. जवळच्या मित्रांना लगेच गाठू नका. दोन-तीन आठवड्यांनी, त्यांना बोलावंसं वाटलं तर, त्या माणसाबद्दल सविस्तर लेख करा. वृत्तपत्रातल्याच कोणाचा तो मित्र असेल तर त्याला त्या आठवड्यात कोणतंही काम देऊ नका. इतक्या छोट्या ठिकाणी बहुधा असतोच.

मतपान, दुरुस्त्या आणि ‘माझा लेख काढून टाका’

बातमीदारानं आपल्याच बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या विषयावर, मतलेख लिहू नये. बाहेरून आलेल्या मतलेखातली तथ्यं बातमीइतकीच कसून तपासा: ‘हे त्याचं मत आहे’ म्हणून चुकीचा आकडा खपत नाही. चूक झाली तर दुरुस्ती तारखेसह वर छापा. वेबसाइटवर गुपचूप बदल करू नका.

जुना लेख काढून टाकण्याच्या विनंत्या दर सत्रात येतात. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधणाऱ्याला पहिल्या वर्षी लिहिलेला तावातावाचा लेख गूगलवर नको असतो. सरसकट नकार किंवा सरसकट होकार, दोन्ही नको. संपादकाची टीप जोडणं, नाव काढणं, शोधयंत्रांना ते पान दिसू न देणं असे मधले मार्ग आहेत. प्रत्येक विनंती आणि निर्णय एका फाइलीत नोंदवा, म्हणजे पुढच्या वर्षी वशिल्यानं वेगळा निर्णय होणार नाही.

कायदा आणि पैसा

अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी कॉलेजला नाही. त्यामुळे सरकारी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची ढाल तुमच्याकडे जशीच्या तशी नसते. त्यांचीही काही पोलादी नाही. शाळांच्या वृत्तपत्रांवर नियंत्रणाची मुभा देणाऱ्या १९८८ च्या हेझलवुड निकालाचा तर्क सातव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयानं २००५ मध्ये एका सरकारी विद्यापीठालाही लावला होता, आणि त्यावर उतारा म्हणून इलिनॉयनं २००७ मध्ये सरकारी महाविद्यालयीन वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा केला. कॅलिफोर्नियातल्या खाजगी कॉलेजांना मात्र १९९२ च्या लेनर्ड लॉनुसार, संरक्षित अभिव्यक्तीसाठी विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई करता येत नाही. तुमच्या राज्यात असं काही नसेल तर कॉलेजनं विद्यार्थी-हँडबुकमध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल दिलेलं वचन शोधा आणि ते जपून ठेवा. वृत्तपत्राची स्वतःची सनद असावी आणि तिच्यात दोन वाक्यं हवीतच: मजकुराचा अंतिम निर्णय विद्यार्थी संपादकांचा, आणि सल्लागार प्राध्यापक किंवा प्रशासन छापण्याआधी मजकूर तपासणार नाही. अडचण आली तर स्टुडंट प्रेस लॉ सेंटर १९७४ पासून विद्यार्थी पत्रकारांना फुकट कायदेशीर सल्ला देतं. भांडण पेटायच्या आधीच त्यांना विचारा.

गळचेपी बहुधा पैशांच्या वाटेनं येते, आणि नेहमी प्रशासनाकडूनच येते असंही नाही. वेस्लियन विद्यापीठाच्या आर्गस या विद्यार्थी वृत्तपत्रात २०१५ मध्ये ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर चळवळीवर टीका करणारा मतलेख आला. विद्यार्थ्यांचा रोष उसळला आणि विद्यार्थी सभेनंच वृत्तपत्राच्या निधीची फेरमांडणी करण्याचा ठराव मंजूर केला. ज्या सभेच्या बातम्या करायच्या तीच तुमचं बजेट ठरवते, ही बहुतेक कॉलेजांतली स्थिती आहे. जाहिराती, पालक आणि माजी विद्यार्थ्यांच्या वर्गण्या, माजी संपादकांचा छोटा निधी यांतून निदान छपाईचा खर्च निघेल असं पाहा. बिझनेस मॅनेजर शोधणं हे बातमीदार शोधण्याहून कठीण काम आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात गाठा.

एफ-१ (परदेशी विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर असाल तर

विनामोबदला विद्यार्थी वृत्तपत्रात काम करायला अडचण नसते. मानधन मिळणार असेल तर ते कॅम्पसवरच्या नोकरीत मोडतं का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, आणि वृत्तपत्र कॉलेजपासून स्वतंत्र नोंदणी असलेली संस्था असेल तर हिशेब बदलू शकतो. बाहेरच्या दैनिकासाठी पैसे घेऊन लिहायचं असेल तर आधी परवानगी.

दुसरा भाग जास्त गंभीर. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की पीएचडी विद्यार्थिनीला इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी रस्त्यावर ताब्यात घेतलं. वर्षभरापूर्वी तिनं इतर तिघांसोबत विद्यापीठाच्या दैनिकात एक मतलेख लिहिला होता. सहा आठवड्यांहून जास्त काळ ती स्थानबद्ध होती. मे महिन्यात न्यायालयाच्या आदेशानं सुटली. परदेशी विद्यार्थी लिहायला आणि बोलायला घाबरू लागले म्हणून त्याच ऑगस्टमध्ये स्टॅनफोर्ड डेली या विद्यार्थी वृत्तपत्रानं सरकारविरुद्ध खटला भरला. एप्रिल २०२५ मध्ये स्टुडंट प्रेस लॉ सेंटर आणि इतर संस्थांनीही विद्यार्थी संपादकांना नाव काढण्याच्या आणि निनावी राहण्याच्या विनंत्यांचा नव्यानं विचार करायला सांगितलं.

म्हणून वृत्तपत्र सोडा असं मी म्हणणार नाही. काय स्वीकारतोय हे माहीत असू द्या. परराष्ट्र धोरणावरच्या मतलेखावर आपलं नाव घालायचं का, आंदोलनाच्या बातमीला जायचं का, हे इमिग्रेशन वकिलाशी बोलून ठरवा, मित्रांच्या आग्रहाखातर नको. आकडेवारीच्या बातम्या, कॉपी संपादन, पानं लावणं, ऑडिओ, वसतिगृह आणि अर्थकारणाच्या बातम्या या कामांत जोखीम बरीच कमी असते, आणि छोट्या वृत्तपत्रात नेमकी याच कामांना माणसं मिळत नाहीत. तुम्ही संपादक झालात तर परदेशी बातमीदाराला आंदोलनाची बातमी नाकारायची मुभा कारण न विचारता द्या.

पुढच्यांच्या हाती देताना

तृतीय वर्षातले बरेच विद्यार्थी एका सत्रासाठी परदेशी शिकायला जातात, चौथ्या वर्षातले थीसिसमध्ये बुडतात. त्यामुळे संपादक अनेकदा एका सत्रापुरताच असतो, आणि हस्तांतर नीट झालं नाही तर वृत्तपत्र दर सहा महिन्यांनी नव्यानं शिकत बसतं. नवा संपादक सत्र संपायच्या तीन अंक आधी निवडा आणि ते अंक त्याला काढू द्या. जुन्यानं बाजूला बसून फक्त विचारलेल्याचं उत्तर द्यावं. हस्तांतराच्या फोल्डरमध्ये सनद, वेबसाइट आणि डोमेनचे पासवर्ड, छापखान्याचा करार, गुन्हे-लॉगची स्प्रेडशीट, लेख काढण्याच्या विनंत्यांची फाइल, फॉर्म ९९० च्या प्रती आणि अर्धवट राहिलेल्या बातम्यांची यादी असावी. त्या यादीत प्रत्येक बातमीपुढे पुढचा फोन कोणाला करायचा ते नाव लिहा. डोमेन एखाद्या विद्यार्थ्याच्या खाजगी कार्डावर असेल तर त्याची पदवी होण्याआधी ते वृत्तपत्राच्या खात्यावर घ्या.